शंकरशेटांची पेढी

पेडणे महालात आणि तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या मुलखात सावकार हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. ओटीवरची गादी, लाल कापडात बांधलेल्या वह्या, पलीकडे लोखंडी पेटी, आणि खाली अंगणात हात जोडून उभे असलेले कूळ. हे चित्र खोटे नाही. घाटावर 1875 साली सुपे गावी कुळांनी सावकारांची खते जाळली, आणि ती आग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याचा राग किती खोल असतो हे तेव्हा सरकारलाही कळले, आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. कोकणात तशी आग पेटली नाही; परंतु पिढ्यान् पिढ्या गहाण पडलेल्या कुळागरांच्या कहाण्या आपल्याकडेही कमी नाहीत.

तथापि सावकारीला दुसरेही अंग होते, आणि ते आता जवळजवळ विस्मरणात गेले आहे. पेढी म्हणजे केवळ व्याजाने पैसा लावण्याचे ठिकाण नव्हे. रस्ते नव्हते, आगगाडी नव्हती, तार नव्हती, अशा काळात मुलखामुलखातले व्यवहार जोडून ठेवण्याचे काम या पेढ्यांनी केले. वेंगुर्ल्याच्या एखाद्या व्यापाऱ्याला मुंबईत माल घ्यायचा असला तर तो गलबतातून रोकड नेत नसे. चाच्यांची भीती, वादळाची भीती. तो आपल्या गावच्या पेढीवर रुपये भरी आणि मुंबईच्या पेढीवरची हुंडी घेई. दर्शनी हुंडी असली तर दाखवताच पैसे, मुदती असली तर ठरलेल्या दिवसांनी पैसे. देणाऱ्याने घेणाऱ्याला कधी पाहिलेलेही नसे. मध्ये असे तो एक कागद आणि त्या कागदावरचे नाव.

शिवाय नाणी एक नव्हती. कुठे चांदवडी रुपया, कुठे अंकुशी, कुठे सुरती; सावंतवाडीकडे पीरखानी; आणि गोव्याच्या हद्दीत शिरले की शेराफिन, टांग, रेइश. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. कंपनी सरकारने 1835 साली आपल्या अमलाखाली एकच रुपया चालू केला, तोपर्यंत नाणे पारखून त्याचा बट्टा ठरवणे ही सराफाचीच विद्या होती. पणजीच्या म्हामाय कामतांच्या घराण्याचे दप्तर अनेक भाषांत लिहिलेले आहे, यात नवल नाही. अनेक राजवटींशी आणि अनेक बंदरांशी ज्याचा हिशेब चालतो, त्याला अनेक भाषांतच लिहावे लागते.

या व्यवहाराचे खरे भांडवल पेटीतल्या चांदीत नसे. ते नावाच्या पतीत असे. पत एका पिढीत मिळत नाही, आणि एका दिवसात जाऊ शकते. ही पत तीन पिढ्या मिळवून तिचा विनियोग चौथ्या पिढीने कसा केला, हे पाहायचे तर जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांच्या घराण्याइतके बोलके उदाहरण मराठी मुलखात दुसरे नाही. मुंबईच्या आद्य शिल्पकारांपैकी एक म्हणून नाना सर्वांना ठाऊक आहेत. पेढीवाले नाना मात्र चरित्रकारांनी थोडे मागेच ठेवले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे.

घराणे दैवज्ञांचे, मूळचे आडनाव मुरकुटे. ठाणे जिल्ह्यातले मुरबाड हे नानांचे जन्मगाव म्हणून सांगितले जाते. नावापुढे शेट लावण्याची रीत आपल्याकडच्या दैवज्ञ मंडळींतही आहे, त्यामुळे गणबाशेट, बाबुलशेट, शंकरशेट ही नावे पेडणे-डिचोलीच्या वाचकाला परकी वाटणार नाहीत. अठराव्या शतकाच्या मध्यास गणबाशेटांचे पुत्र बाबुलशेट कोकणातून मुंबईत येऊन स्थिरावले. 1739 मध्ये वसई पडून साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेला होता. किनाऱ्यावर सत्ता वारंवार बदलत होत्या. आणि त्या धामधुमीत तटबंदीच्या आत सुरक्षित राहिलेले मुंबई बेट व्यापाऱ्यांना खुणावत होते. इंग्रजांनाही व्यापारी हवेच होते. गुजरातेतून पारशी, भाटिये आणि वाणी आले, कोकणातून सोनार-सराफ आले. बाबुलशेट त्यांतले एक.

मुंबईच्या कोटात एका रस्त्याला गनबो स्ट्रीट असे नाव पुढे कित्येक वर्षे होते. हा गनबो कोणी साहेब असावा असा अनेकांचा समज. प्रत्यक्षात ते आपले गणबाशेट. इंग्रजी अक्षरांत शिरताना आपल्या माणसांची नावे कशी ओळखू येईनाशी होतात, याचा हा एक मासला. आज त्या रस्त्याचे नाव बदलले आहे आणि गणबाशेटांची तेवढीही खूण उरलेली नाही.

बाबुलशेटांचे पुत्र शंकरशेट यांनी व्यापार खूपच वाढवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या नामांकित व्यापाऱ्यांत त्यांची गणना होत होती. आज नाना चौक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात भवानीशंकराचे आणि रामाचे अशी दोन देवळे त्यांनी बांधली. ती अजून उभी आहेत. देऊळ बांधणे हा धर्म तर खराच, पण जुन्या काळी ते पेढीच्या स्थैर्याचेही एक प्रकारचे जाहीर प्रमाणपत्र असे. ज्याने दगडी देऊळ उभे केले तो रातोरात गाशा गुंडाळून जाणार नाही, असा विश्वास लोकांना वाटे.

जगन्नाथ यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी झाला. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, 17 फेब्रुवारीला, मुंबईच्या कोटात इतिहासप्रसिद्ध आग लागली. दाटीवाटीने उभी असलेली घरे आणि वखारी जळून गेल्या. त्या आगीनंतर देशी वस्ती तटाबाहेर अधिक वेगाने पसरू लागली आणि गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांना आजचे रूप येऊ लागले. नानांचे आयुष्य ज्या शहरात गेले, त्या शहराची उभारणी अशा रीतीने त्यांच्या पाळण्याबरोबरच सुरू झाली म्हणायची. शंकरशेटांचा वाडा गिरगावातला. ज्या गिरगाव रस्त्याने त्यांची गाडी जा-ये करी, त्याला आज जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणतात.

घरी शिक्षक ठेवून नानांना इंग्रजी शिकवले गेले. ही गोष्ट आज साधी वाटेल. त्या काळात सराफाच्या मुलाला मोडी अक्षर, पावकी-निमकी आणि हुंडीची भाषा आली की विद्या संपत असे. शंकरशेटांनी त्यापुढचे पाहिले. मुलगा विशीच्या उंबरठ्यावर असताना ते वारले आणि सारा कारभार तरुण नानांवर येऊन पडला.

येथे त्या पेढीच्या लौकिकाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईत व्यापारासाठी येणारे अरब आणि अफगाण व्यापारी आपली संपत्ती बँकांत न ठेवता शंकरशेटांकडे ठेवणे पसंत करीत, असा त्या काळी लौकिक होता. बाँबे बँक 1840 साली स्थापन झाली; तिच्या पाठीशी सरकार होते. असे असूनही मस्कतहून किंवा काबूलकडून आलेला माणूस गिरगावच्या एका हिंदू शेटजीच्या शब्दावर विसंबून राहतो, यातच तीन पिढ्यांची कमाई दिसते. ज्याची भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि ज्याला परत येण्यास वर्ष-दोन वर्षे लागणार, त्याची ठेव सांभाळणे ही केवळ व्यापाराची गोष्ट राहत नाही.

नानांनी पेढी चालवली, जमीनजुमला वाढवला. परंतु त्यांचे खरे लक्ष दुसरीकडे वळू लागले होते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे 1819 ते 1827 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने 1822 साली देशी शाळा व पुस्तके यांसाठी एक मंडळी निघाली. 1827 साली तिला बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव मिळाले. नाना या मंडळीत अगदी तरुण वयात आले. या संस्थेचे मराठी वाचकांवर फार मोठे ऋण आहे, आणि वाचनालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने त्याची आठवण करणे उचितच होईल. तोपर्यंत मराठीत छापील वाचनीय पुस्तक म्हणावे असे फारसे काही नव्हते. पोथ्या होत्या, बखरी होत्या, त्याही हस्तलिखित. सोसायटीने अंकगणित, भूगोल, व्याकरण, कोश, गोष्टी अशा विषयांची पुस्तके तयार करवून छापली. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे बाळमित्र 1828 सालचे. बाळशास्त्री जांभेकर हे देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. 1832 साली दर्पण काढणारे हे तरुण विद्वानही याच सोसायटीच्या कामात होते. म्हणजे एका बाजूला गरीब शास्त्र्या-पंडितांची लेखणी आणि दुसऱ्या बाजूला शेटजींची थैली, असा योग तेथे जमून आला. एल्फिन्स्टन स्वदेशी परतले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांवर रुपये जमवले, आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. हा निधी राजेरजवाडे, व्यापारी आणि सराफ यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला आहे, हे विसरता कामा नये.

1840 साली शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आला. या मंडळावर तीन देशी सभासद असत, आणि नाना त्यांत होते. 1843 मध्ये सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश मंडळाचे अध्यक्ष झाले. पेरीसाहेब विद्वान होते, शिक्षणाविषयी त्यांना कळकळही होती. त्यांचे मत असे की सरकारजवळ पैसा थोडा. तो सर्वत्र पातळ पसरण्यापेक्षा वरच्या थरातील थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, देशी भाषांत ज्ञानाची पुस्तके नाहीत, आणि ती होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. हे म्हणणे वरवर पाहता व्यवहाराचे वाटते. आजही हाच युक्तिवाद वेगळ्या शब्दांत आपल्या कानांवर येतो.

नानांनी त्याला विरोध केला. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे देशी सभासद त्यांच्या बाजूने होते. इंग्रजांपैकी कर्नल जर्व्हिस होते. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान आणि एक इंग्रज लष्करी अधिकारी असे चौघे मिळून देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले, हे दृश्य विलक्षण म्हटले पाहिजे. 1847 च्या सुमारास हा वाद अगदी हातघाईवर आला. नानांनी आपले मत लेखी नोंदवले. त्याचा आशय असा की सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते तिच्या भाषेतूनच पोचेल. इंग्रजीचे महत्त्व त्यांना मान्य होते, पण ती भाषा मोठ्या समाजाची कधीच होऊ शकणार नाही, आणि देशी भाषांत पुस्तके नसतील तर ती करवून घेणे हेच मंडळाचे काम आहे.

हे मत एखाद्या शास्त्रीबुवांनी मांडले असते तर आश्चर्य नव्हते. परंतु नाना स्वतः इंग्रजी शिकलेले, गव्हर्नरांच्या बैठकीत वावरणारे, आणि आपल्या मुलांना इंग्रजी देण्याची ऐपत असलेले. इंग्रजीची मक्तेदारी राहिली असती तर तिचा लाभ त्यांच्यासारख्याच घराण्यांना झाला असता. आपल्या वर्गाच्या हिताविरुद्ध त्यांनी मत दिले. सरकारने 1848 मध्ये या वादावर स्पष्ट निकाल देण्याचे टाळले. पुढे 1854 च्या खलित्यात बहुजनांसाठी देशी भाषा आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी अशी विभागणी मान्य झाली. नाना अर्धे जिंकले, एवढे म्हणता येईल. परंतु मुंबई इलाख्यात मराठी शाळांचे जाळे जे टिकले आणि वाढले, त्याच्या मुळाशी या चौघांचा हट्ट आहे. तेरेखोलच्या अलीकडे त्या वेळी देवळाच्या ओसरीवर शेणवीमामा धुळाक्षरे गिरवून घेत होते. आणि पुढे त्या मुलांच्या हाती जी मराठी क्रमिक पुस्तके पडली, ती नदीपलीकडूनच आली.

तेरेखोलचा उल्लेख झालाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. पुढे 1835 साली बेर्नार्द पेरिस द सिल्वा या गोव्यात जन्मलेल्या गृहस्थांची पोर्तुगालच्या सरकारने गोव्याच्या प्रमुखपदी नेमणूक केली. गोरे लष्करी अधिकारी आणि त्यांचे पाठीराखे यांना ते सहन झाले नाही. तीन आठवडेही न होता त्यांना पदच्युत करून हाकलण्यात आले. तेरेखोलच्या शिबंदीने पेरिस यांचा पक्ष घेतला होता. त्या शिबंदीची निर्दयपणे कत्तल झाली. (काही ठिकाणी या घटनेचे साल 1825 असे छापलेले आढळते, ते चूक आहे.) पेरिस मुंबईस गेले. तेथे रोजेरिओ द फारिया हे मूळचे गोव्याचे बडे व्यापारी होते. चीनशी अफूचा व्यापार करणारे, जमशेटजी जीजीभाई यांचे एके काळचे भागीदार. त्यांनी पेरिस यांच्या बाजूने आपली तिजोरी मोकळी केली. गोवा परत मिळवण्यासाठी मुंबईत जमवाजमव झाली, गलबते निघाली, आणि मोहीम फसली. फारिया त्यात आर्थिक दृष्ट्या खचले ते पुन्हा सावरले नाहीत.

फारिया आणि नाना एकाच शहरातले, एकाच काळातले, दोघेही मोठ्या पतीचे. एकाने आपली पत एका माणसाच्या राज्यारोहणावर लावली, दुसऱ्याने ती शाळांवर लावली. फारियांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या कृतीत स्वभूमीविषयीचा अभिमान होता, आणि तेरेखोलवर मारल्या गेलेल्या शिपायांच्या रक्ताशी ती कृती जोडलेली आहे. गोव्याच्या इतिहासाने त्यांची आठवण अधिक ठेवायला हवी होती. मात्र नानांची चाल सावध सराफाची होती. बुडीत जाणार नाही अशा ठिकाणी ते भांडवल घालीत.

त्यांच्या संस्थांची यादी देत बसलो तर हा लेख नुसती नोंदवही होईल. तरी काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. 1845 मध्ये जमशेटजी आणि नाना यांनी मुंबईत आगगाडीसाठी मंडळी काढली. तिचे पर्यवसान ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीत झाले, आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली गाडी चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन निघाली, तिच्या प्रवाशांत नाना होते. ठाण्याची ती वाट त्यांच्या पूर्वजांच्या कोकणाकडे जाणारी. ग्रँट रोडवर त्यांनी 1846 साली नाट्यगृह उभे केले. विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन 1853 मध्ये मुंबईस आले, तेव्हा मराठी नाटक या नाट्यगृहाच्या रंगमंचावर झाले. दशावतारी खेळांवर वाढलेल्या आपल्या मुलखातील रसिकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्त्रीशिक्षणाला तेव्हा कडवा विरोध होता. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 साली स्थापन केलेल्या सभेने दुसऱ्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी त्यांतील एका शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. सनातनी घराण्यातल्या, दोन देवळांच्या मालकाने आपल्याच आवारात मुलींना पाटी-पेन्सिल दिली, म्हणून टीकाकारांची तोंडे बरीचशी बंद झाली असावीत. पतीचा हाही एक उपयोग.

आता पेडण्याच्या एका सुपुत्राकडे वळू. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी, हे मांद्र्याचे. वडिलांबरोबर लहानपणी मुंबईस गेले, एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले पदवीधर ठरले. ज्या विद्यालयाच्या उभारणीत नानांच्या पिढीने पैसा ओतला, त्याच विद्यालयाचे हे पीक. 26 ऑगस्ट 1852 रोजी मुंबईत बाँबे असोसिएशन स्थापन झाली. पश्चिम भारतातली ही पहिली राजकीय संस्था. नाना तिचे अध्यक्ष झाले आणि चिटणीसपदी दोघे जण आले, नानांचे पुत्र विनायकराव आणि डॉ. भाऊ दाजी. पेढीचा वारस आणि मांद्र्याहून आलेला बिनभांडवलाचा डॉक्टर एकाच मेजावर बसले. कंपनीच्या सनदेची मुदत 1853 मध्ये संपत होती. त्याआधी या संस्थेने पार्लमेंटकडे अर्ज पाठवून राज्यकारभारातील उणिवा मांडल्या. काही शेठिया मंडळींना त्याची भाषा फार कडक वाटली व त्यांनी अंग काढून घेतले. नाना हलले नाहीत.

त्याची किंमत त्यांना 1857 मध्ये मोजावी लागली. उत्तरेत बंड पेटले होते. मुंबईतले काही इंग्रज नानांकडे संशयाने पाहू लागले. नानासाहेब पेशव्यांशी त्यांचे संधान असल्याची कुजबुज झाली, आणि पोलीस अधिकारी फोर्जेट यांनी तपास केला. तपासात काही निघाले नाही. ज्या माणसाकडे परमुलखातले लोक डोळे मिटून ठेवी ठेवीत, त्याच्याच इमानाची परीक्षा सरकारने गुप्तपणे घ्यावी! त्याच 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि नाना व भाऊ दाजी दोघेही त्याच्या पहिल्या फेलोंत होते. 1862 मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावरही नानांची नेमणूक झाली. सरकारने संशय गिळला असे म्हणायचे, की नानांनी अपमान गिळला?

भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय हे या दोघांचे अखेरचे मोठे संयुक्त काम. 19 नोव्हेंबर 1862 रोजी त्याची कोनशिला बसली. ते लोकांसाठी उघडले 1872 मध्ये. नानांना ते पाहायला मिळाले नाही. 1975 पासून त्याला भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. मांद्र्यातला माणूस मुंबईस गेला तर त्याने एकदा तरी तेथे डोकावावे.

मधल्या दहा वर्षांत मुंबईचे रूपच पालटून गेले. अमेरिकेत 1861 साली यादवी सुरू झाली, तेथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका, वित्त कंपन्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या रोज निघू लागल्या. समभागांचे भाव चढू लागले. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखोंचे सौदे होऊ लागले. जुन्या पेढीची रीत अशी की नाव आधी मिळवावे, मग कागद चालावा. आता कागद आधी चालू लागला आणि नाव कोणी विचारीना. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला. वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस 1 जुलै 1865 हा होता. त्या दिवशी मुंबईचा बाजार बसला. शेकडो घराणी धुळीस मिळाली. बाँबे बँक, जिच्या पाठीशी सरकार होते तीच, पुढे 1868 मध्ये मोडीत निघाली. विद्वान आणि परोपकारी भाऊ दाजीही या लाटेत सापडले आणि त्यांची मोठी हानी झाली. 1874 साली ते वारले तोपर्यंत त्या ओझ्यातून त्यांची पुरती सुटका झालेली नव्हती.

त्याच जुलै महिन्याच्या अखेरच्या दिवशी, 31 जुलै 1865 रोजी, नाना शंकरशेट निवर्तले. वय बासष्ट. बाबुलशेटांच्या काळापासून चालत आलेली पेढीची जुनी रीत आणि ती रीत मानणारा शेवटचा मोठा शेटजी, दोन्ही एकाच महिन्यात गेली. नगरभवनात त्यांचा संगमरवरी पुतळा उभारण्यात आला. एशियाटिक सोसायटीच्या त्या इमारतीत आजही अभ्यासक पुस्तके मागवतात, आणि शेटजी त्यांच्याकडे पाहत बसलेले असतात.

विनायकरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ विद्यापीठाकडे निधी दिला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये सर्वांत अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. सराफाने संस्कृतसाठी पैसा ठेवावा यात एक गंमत आहे. पण ज्याने मराठीसाठी पेरीसाहेबांशी झुंज दिली, त्याच्या नावाला ती शोभतेही. पुढच्या शंभर वर्षांत कित्येक शाळांच्या फलकांवर ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिली गेली. घरोघरी मुलांना शंकरशेट मिळवण्याची ताकीद दिली जाई. बक्षिसाची रक्कम किती, हे कोणी विचारीत नसे. नाव पुरेसे होते.

1912 साली ही शिष्यवृत्ती रायगड जिल्ह्यातील एका वकिलाच्या मुलाला मिळाली. तो मॅट्रिकला विद्यापीठात पहिला आला होता. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्याचे नाव. 1943 मध्ये ते भारताच्या रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि देशभर चालणाऱ्या नोटांवर देणे देण्याच्या वचनाखाली त्यांची सही येऊ लागली.